मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. पण तुमच्या मनात आला तो मी नव्हे. चालकाच्या पायाशी असतो तो वेगळा, त्याला सगळं जग ओळखतं. मी दुसरा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे, खाली अंधारात मला बसवलेलं असतं, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. मला दाबलं की माझी केबल चालकाचाही ब्रेक खाली ओढते आणि गाडी थांबते. त्याने त्याचा दाबला तर मला मात्र पत्ताही लागत नाही. आमचं नातं हे असं एकतर्फी. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

पण गेल्या वर्षी जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. लोखंडाच्या वस्तूला धक्का बसत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला हाताने दाबून पाहिलं, "हा घट्ट आहे, चालेल," म्हणाल्या आणि खोक्यात टाकलं. एवढंच माझं बालपण. खोकं उघडलं ते थेट मास्तरांच्या गाडीत.

मास्तर म्हणजे आमचे मालक. गाडी शिकवतात म्हणून गल्लीभर मास्तर. मला माणसाचं तोंड दिसत नाही, मी माणूस बुटांवरून ओळखतो. मास्तरांचे बूट तपकिरी, आणि उजव्या बुटाचा तळ अंगठ्यापाशी गुळगुळीत झालेला. तो माझ्यामुळे. शिकणारा गाडी चालवत असला की मास्तरांचा उजवा पाय माझ्यावर टेकलेलाच.

पाय मात्र काय हलका, म्हणून सांगू. इतका बेताने दाबायचे की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच थांबवली. वर तोंडाने म्हणायचे, "शाब्बास. काय थांबवलीत." समोरचा माणूस फुलून यायचा. मीही मनात म्हणायचो, घ्या श्रेय, आपल्याला काय त्याचं.

खरं तर माझ्या अंगावर एक बटण आहे. माझ्यावर पाय पडला की बझर वाजतो, म्हणजे शिकणाऱ्याला कळतं की हे त्याचं काम नव्हे. पण सुरुवातीच्या काळात एक निवृत्त बाई शिकायला यायच्या. बझर वाजला की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक दिवस त्या भर चौकात स्टिअरिंग सोडून पदराने... छे, पदर कसला, ओढणीने डोळे पुसायला लागल्या. त्या दिवशी मास्तरांनी पक्कड घेतली आणि बझरची वायर तोडून टाकली. त्यानंतर मी मुका झालो. बाई मात्र उत्तम शिकल्या. मास्तर म्हणायचे, "आधी धीर येऊ दे माणसाला, गाडी नंतर येते." त्यांचा धंदा चालायचा तो या धिरावर.

त्यांच्या घरी माणसं तीन. मास्तर, त्यांची बायको आणि ठकी. ठकी ही मुलगी. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं असणार, पण घरात तिला ठकीच म्हणत. मास्तरांच्या बायकोचं कपडे मापाचे करून देण्याचं दुकान आहे. ढगळ असेल तर आवळायचं, लांब असेल तर कापायचं. केलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायला संध्याकाळी हीच गाडी. मागच्या सीटवर आईच्या पिशव्या, डिकीत मास्तरांचे पार्किंग शिकवायचे प्लॅस्टिकचे शंकू.

ठकी लहानपणापासून बुजरी. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. गाडी शिकायला बसली तेव्हा तिच्या कॅनव्हासच्या बुटांची नुसती चुळबुळ चालायची. मास्तर म्हणायचे, "अगं, गाडी चावत नाही." ती म्हणायची, "मला नाही येणार बाबा." आणि मग तो तीनचाकी सायकलीचा दिवस आला.

दुपारची वेळ, उताराची गल्ली. ठकी चालवत होती. एका फाटकातून एक लहानगं पोर तीनचाकी सायकलीवरून गडगडत सरळ रस्त्यात आलं. मास्तरांचा पाय माझ्यावर असा आदळला की माझी केबल तुटते की काय असं मला वाटलं. गाडी थांबली, बंद पडली. पोराला केसभरही लागलं नाही. पोराची आई धावत आली, ठकीचे हात हातात घेऊन रडली. म्हणाली, "तुझ्यामुळे वाचलं गं माझं लेकरू."

आणि मास्तर म्हणाले, "शाब्बास ठके. काय थांबवलीस."

ठकीला खरंच वाटलं. वाटणारच. तिचा पाय तिच्या ब्रेकवर होता. फक्त तो तिथे पोचला तेव्हा ब्रेक आधीच खाली गेलेला होता, हे तिला कुठून कळावं? मला कळलं होतं, मास्तरांना कळलं होतं. आम्ही दोघंही गप्प राहिलो.

त्या दिवसापासून पोरगी बदलली. गाडीत बसली की बडबड. वर्गात हात वर करते म्हणाली. शाळेच्या परीक्षांमुळे तिची गाडीची परीक्षा लांबणीवर पडली, पण सुट्टीच्या दिवशी चालवायला यायची ती शीळ घालत. आणि बारावीनंतर काय करायचं, तेही तिने ठरवून टाकलं. अपघात झाला की धावून जाणाऱ्या पथकांचं शिक्षण देणारं एक कॉलेज होतं, दूरच्या शहरात. "मी ऐन वेळी गोठत नाही," ती म्हणाली. "मला ते जमेल."

मास्तरांचा पाय माझ्यावर किंचित हलला. पुढे काय होणार याची मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कॉलेजच्या अर्जाबरोबर निबंध द्यायचा होता. विषय होता, ऐन वेळी तुम्ही एकट्याने केलेली एखादी गोष्ट. पुढचे कितीतरी दिवस आमच्या गाडीत दुसरा विषय नाही. ठकी गाडी चालवता चालवता वाक्यं म्हणून दाखवायची, आई मागून ऐकायची. तिची निबंध तपासायची पद्धतही दुकानातलीच.

"सुरुवात घट्ट आहे," ती म्हणायची. "पण मधे ढगळ झालाय बघ. तो गल्लीचा पत्ता कशाला? काप तिथे."

"आणि शेवट?"

"शेवट आखूड पडतोय. थोडं सोड."

पोरगी रोज नवा मसुदा करायची, आई रोज नव्या खुणा करायची. मास्तर काहीच बोलायचे नाहीत. ठकी विचारायची, "बाबा, तुम्ही तर तिथेच होता. बरोबर लिहिलंय ना?" मास्तर म्हणायचे, "आईला दाखव, तिला समजतं त्यातलं." आणि खिडकीबाहेर बघायचे. त्यांच्या मनात काय चाललंय ते माझ्यापर्यंत पोचायचं, कारण त्यांचा पाय जड झालेला असायचा. सांगावं की न सांगावं. सांगितलं तर पोर पुन्हा कोषात जाऊन बसेल. नाही सांगितलं तर एका खोट्या गोष्टीवर तिचा सगळा जन्म उभा राहील. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर, असं करत अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला.

आता ऐका. त्याच्या आदल्या दिवशी गाडी वार्षिक तपासणीसाठी गॅरेजमध्ये होती. आमचा नेहमीचा मेकॅनिक मास्तरांचा दोस्त, तो तुटक्या वायरीकडे काणाडोळा करायचा. यंदा तो गावाला गेलेला, आणि त्याच्या जागी त्याची पुतणी. तिला माझी लोंबणारी वायर दिसली. "अरेरे, कधीची सुटली आहे ही," म्हणाली, आणि मायेने जोडून, वर टेप गुंडाळून दिली. मास्तरांना सांगायचं मात्र विसरली. आणि मी? माझा आवाज परत आलाय हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

सकाळी बाप आणि लेक गाडी आणायला आले. ठकी चालकाच्या सीटवर बसली. स्वारी खूश होती. पाच वाजेपर्यंत शाळेतल्या मार्गदर्शक बाईंकडे जायचं, त्यांच्यासमोर अर्ज पाठवायचा, की सुटली. गाडी सुरू झाली. पहिलं वळण आलं. मास्तरांनी सवयीने पाय जरासा दाबला.

पीं.

माझ्याच अंगातून आवाज आला आणि मी थिजलो. इतक्या वर्षांनी आपण बोललो, ते हे असं.

"काय वाजलं?" ठकी म्हणाली.

"काही नाही. कुठेतरी वायर लागली असेल."

पुढे गतिरोधक आला. पीं. मग एक सायकलवाला. पीं. मास्तर पाय उचलू पाहत होते, पण पायाला कोण समजावणार? त्याला जन्माची सवय. चौकात तर तो आवाज थांबेचना. ठकीने गाडी बाजूला घेतली, नीट उभी केली आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिचा चेहरा दिसला. मास्तरांसारखंच नाक आहे.

"दाबा पाय, बाबा."

पीं.

"उचला."

शांतता.

"वळणावर तुम्ही दाबत होता?"

"थोडा."

"रोज?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मग तिने तो प्रश्न विचारला, आणि मला वाटलं आपली केबल गळून पडावी.

"त्या तीनचाकीच्या वेळी?"

"तुझाही पाय होता ठके."

"आधी कोणाचा?"

"माझा," मास्तर म्हणाले.

"म्हणजे मी गोठले होते."

"पहिल्यांदा सगळेच गोठतात गं."

"तुम्ही मला शाब्बास म्हणालात."

"मी सगळ्यांनाच म्हणतो," मास्तर म्हणून गेले. म्हणाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांचा बूट माझ्यावरून घसरला आणि तसाच पडून राहिला.

मी पुष्कळ पाहिलंय. भिंतीला ठोकलेली गाडी पाहिली, स्टिअरिंग सोडून किंचाळणारी माणसं पाहिली. पण त्या पोरीचे ते कॅनव्हासचे बूट एकमेकांना चिकटून जे स्तब्ध झाले, तसं काही मी पाहिलेलं नव्हतं. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी घरापर्यंत मास्तरांनीच चालवत आणली. आई पिशव्या घेऊन खाली उभीच होती. तिला सगळं कळलं तेव्हा तिने पिशव्या फुटपाथवर ठेवल्या.

"अहो, मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो?"

"इतके दिवस मी त्या निबंधाला काज-बटणं करत बसले आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होता?" मग दुकानदारीण जागी झाली. "बरं, झालं ते झालं. निबंध चांगला उतरलाय. पाठवून टाक ठके. कोण येतंय विचारायला?"

मी पुन्हा हबकलो. सरळ मार्गाची बाई, शिलाई उसवून परत घालणारी, आणि हे बोलते? पण आईच ती. तिला पोरीचं कॉलेज डोळ्यांपुढे दिसत होतं.

"आई, उद्या खरंच कोणी माझ्यासमोर रस्त्यात पडलेलं असेल," ठकी म्हणाली. "आणि मी गोठले तर? तिथे शेजारी बाबा नसणार."

आईने फुटपाथवरची पिशवी उचलली आणि परत ठेवली. मास्तर मधे पडले. ते म्हणाले, "मग अर्ज नको करूस. जवळचं काहीतरी बघू." आणि ठकीने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली म्हणे. नजर मला दिसली नाही, पण मास्तरांचे बूट दोन पावलं मागे सरलेले मी पाहिले.

ती वर जाऊन लॅपटॉप घेऊन आली आणि गाडीत बसली, चालकाच्या सीटवर. दारं लावून घेतली. स्टिअरिंगला लॅपटॉप टेकवला आणि लिहायला लागली. घरी बसली असती तर दोघंही खांद्यावरून डोकावत राहिली असती.

तिला पुटपुटत लिहायची सवय आहे, म्हणून मला ऐकू आलं. तिने लिहिलं, की एकटीने केलेली गोष्ट म्हणून मी जी सांगणार होते ती मी केलीच नव्हती, आणि हे मला आज सकाळी कळलं. ऐन वेळी मी गोठले होते. पाय आपोआप जागेवर जात नाही, तो शिकवावा लागतो. मला तेच शिकायचं आहे. तुम्ही शिकवणार असाल तर मी येते.

एवढंच. मधेमधे खोडायची, नाक ओढायची, परत लिहायची. आई काचेबाहेर येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिला राहवेना. तिने काचेवर टकटक केलं.

"फक्त एक नजर टाकू दे. खुणा नाही करणार."

ठकीने काच खाली केली. "नको आई. ढगळ असला तरी माझ्या मापाचा आहे."

आईचा हात खिडकीत तसाच राहिला. मग तिने कानामागे खोवलेली पेन्सिल काढून पर्समध्ये टाकली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. माझ्या मते त्या बाईने आयुष्यात केलेलं हे सगळ्यांत अवघड काम असावं.

शाळेत जायची वेळ झाली. मास्तर चालकाच्या दाराशी आले, तर ठकी हललीच नाही. "मी चालवते. तुम्ही मागे बसा."

"मागे बसता येत नाही. नियम आहे, शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा पाहिजे."

"मग एकटीने जमतं का, ते मला कसं कळणार?" ती म्हणाली.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले. मी वाट पाहत होतो, आता पाय येईल. आला नाही. ते खाली वाकले, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून माझ्या शेजारी नीट जोडीने ठेवले. आणि पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घालून बसले. भल्या मोठ्या माणसाने, गाडीत, पट्टा बांधून. गुडघा गिअरला लागत होता, तो त्यांनी हाताने आवरून धरला.

माझा विश्वासच बसेना. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि माझ्यावर पाय नाही. मला तर उघडं पडल्यासारखं झालं.

गाडी निघाली. वळण गेलं, गतिरोधक गेला. बझर गप्प. शाळेच्या अलीकडे दुकानांची रांग लागते. तिथे फुटपाथवरून एक माणूस डोक्यावर गादी घेऊन चालला होता. गादी दोन्ही बाजूंनी अशी वाकलेली, की त्याला स्वतःच्या चपलांपलीकडचं काही दिसत नसावं. आणि तो, इकडे नाही तिकडे नाही, सरळ रस्त्यात उतरला.

मी जीव मुठीत धरून पायाची वाट पाहिली. वर मास्तर मांडीतून पाय सोडवायला धडपडले, तो पट्ट्यात आणि गुडघ्यात अडकला. मागे आईने पायाखालच्या जमिनीवर टाच हाणली. मला कोणी शिवलं नाही.

गाडी थांबली.

मी जागचा हललो नव्हतो आणि गाडी थांबली होती. गादीचं टोक बॉनेटवर टेकलं. माणसाने गादी उचलून खालून पाहिलं, "जाऊ द्या, जाऊ द्या," असं आम्हालाच म्हणाला आणि पलीकडे निघून गेला.

ठकीचा बूट तिच्या ब्रेकवर होता. मास्तरांच्या ओठांवर तो शब्द आला असणार, जन्मभराची सवय ती. पण त्यांनी तो उच्चारला नाही. म्हणाले, "मागचे हॉर्न देतायत. चल पुढे."

मागून आई म्हणाली, "अगं, हेच लिही ना. एकटीने केलेली गोष्ट. अजून वेळ आहे, दोन ओळी घातल्या तरी बसेल."

"निबंध झालाय आई," ठकी म्हणाली आणि गिअर टाकला.

तिला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निबंधामुळे की मार्कांमुळे, कोण जाणे. आता ती त्या दूरच्या शहरात असते. फोनवर सांगते की पहिल्या सरावात ती पुन्हा गोठली, दुसऱ्यातही. तिसऱ्यात हात हलले म्हणे. मास्तर फोन ठेवल्यावर गाडीत नुसतेच बसून राहतात.

मी आता जुना झालोय. रबर झिजलंय, केबल कुरकुरते. पण वायर जोडलेली आहे. मास्तरांनी पक्कड पुन्हा हातात घेतली नाही. शिकणारे बिचकतात, एखादा हिरमुसतो. तेव्हा मास्तर म्हणतात, "हे मी केलं. पुढचं तुम्ही करा." धंदा थोडा मंदावला, पण चालतोय.

तुमच्याही घरी एखादी ठकी अर्ज भरत असेल. तुम्ही शेजारच्या सीटवर असाल, तर माझी एवढीच विनवणी आहे. पाय काढून घ्या असं मी म्हणत नाही, लेकरू आहे, रस्त्यात गादीवाले आहेत. दाबा, पण वाजू द्या. तिला कळू द्या कोणतं तुमचं आणि कोणतं तिचं.

सुट्टीत ठकी येते आणि गाडी मागते. तिच्याकडे आता परवाना आहे, शेजारी कोणी बसायची गरज नाही. तरी मास्तर बसतात. बसले की आधी वाकतात, नाड्या सोडतात, आणि ते तपकिरी बूट माझ्या शेजारी ठेवून देतात.